रुद्राणीला काय काय येत नाही

थोरल्या लेकीबद्दल कुणी विचारलं की माणिकप्पा म्हणत, "लहानपणी टायफॉइड झाला, शाळा राहून गेली. बाकी सगळं येतंय तिला." रुद्राणीला असा ताप कधी आलाच नव्हता. ती नऊ वर्षांची असताना लातूरच्या एका डॉक्टरांनी तिला तपासून कागदावर लिहून दिलं होतं, की मुलीची बुद्धी वयाच्या मानानं वाढलेली नाही, पुढंही फारशी वाढणार नाही. माणिकप्पांनी त्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो उदगीरच्या आपल्या कापडदुकानात, कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. फाडायचा धीर झाला नाही, दाखवायचाही झाला नाही.

आता रुद्राणी वीस वर्षांची होती. रोज सकाळी ती गावाबाहेरच्या विशेष मुलांच्या शाळेत जाई. शेजारीपाजारी सांगितलं जाई की शिवण शिकते. त्या शाळेत लिंबाजी गायकवाड नावाचे खेळाचे सर होते. पावसानं सलग दुसऱ्या साली दगा दिला होता. शाळेच्या मैदानात टँकर उभे राहू लागले, तेव्हा सरांनी आटलेलं तळं गाठलं. तळातल्या भेगा मुरूम टाकून बुजवल्या, फक्कीनं रेघा आखल्या आणि पोरांना तिथं पळवायला सुरुवात केली.

एका सकाळी सर दुकानात आले. चेहरा नुसता फुललेला.

"अप्पा, रुद्राणी आठशे मीटर अडीच मिनिटांच्या आत पळून राहिली. मतिमंद खेळाडूंची जागतिक स्पर्धा हाय परदेशात. सगळ्यांच्या गळ्यात मेडल घालायचा कार्यक्रम न्हाई हा, इथं फक्त घड्याळ बोलतं. निवडणारे तिला संघात घ्यायला तयार हायत."

माणिकप्पांनी आधी समोरच्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "हळू बोला, सर."

सर आवाज खाली आणून बोलू लागले. वयाच्या अठरा वर्षांच्या आत काढलेला डॉक्टरचा कागद लागेल आणि लातूरला नवी तपासणी होईल. पूर्वी कुठं कुठं लोकांनी धडधाकट खेळाडू घुसवले होते, तेव्हापासून सगळं कडक झालं होतं. "रोजच्या जगण्यात तिला काय काय येत न्हाई, ते तुमाला सांगावं लागंल. काही झाकू नका."

"जुना कागद न्हाई आमच्याकडं," माणिकप्पा म्हणाले.

दोन हातांवर कपाट होतं.

त्यांच्या भीतीला तसं कारण होतं. आडत व्यापारी गुरुपादप्पांच्या मुलाशी धाकट्या शिवलीलेची बोलणी चालली होती. गुरुपादप्पा म्हणजे उदगीर जिल्हा व्हावा म्हणून झालेल्या समितीचे अध्यक्ष, आणि माणिकप्पा चिटणीस. थोरलीचा कागद असा चारचौघांत आला तर धाकटीचं लगीन मोडंल, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

तपासणीच्या दिवशी नेमकं गुरुपादप्पांना निवेदन द्यायला लातूरला जायचं होतं. रुद्राणी खेळाच्या निवडीला निघालीय, एवढं त्यांच्या कानावर होतं. "चला की माझ्याच गाडीत," ते म्हणाले. नाही कसं म्हणायचं? एवढंच असतं तरी चाललं असतं, पण निवेदन देऊन ते दवाखान्यात आले आणि थेट खोलीतच येऊन बसले.

"हे कोण?" तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"घरचेच समजा," गुरुपादप्पा म्हणाले. माणिकप्पांनी मान हलवली.

रुद्राणीची कोडी, चित्रं, ठोकळे आधीच झाले होते. आता मॅडम बापाला विचारू लागल्या.

"बाजारात एकटी जाते?"

"जाते की."

"सुटे पैसे मोजून घेते?"

"हाव. बरोबर घेते."

"बुटाची नाडी?"

"बांधते. सगळं करते ती." शेजारी गुरुपादप्पा खिडकीबाहेर बघत होते.

रुद्राणी बापाच्या तोंडाकडं पाहत होती. आपल्याला हे सगळं येतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती एवढी खूश झाली की टाळी वाजवून म्हणाली, "येतंय मला!" मॅडम हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

पंधरवड्यानं लिंबाजी सर पुन्हा आले. ह्या वेळी ते दुकानाची पायरी चढले नाहीत.

"ठोकळ्यांत अन् कोड्यांत तिला मार्क कमी पडले, त्यावर स्पर्धेच्या नियमात बसत होती. पण तुमच्या जबाबात सगळं येतंय असं हाय. जुना कागदबी न्हाई. नाव कटलं, अप्पा." मग ते म्हणाले, "तिच्या बुटाची नाडी रोज मी बांधतो."

माणिकप्पा घरी आले. बायकोनं, नागम्मानं, सगळं ऐकून घेतलं. पाणी एक दिवसाआड यायचं, ती घागरी भरत होती. हातातली घागर खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्सं लोकांपुढं तिला हुश्शार करून ठेवलं. एक डाव खरं बोलायचं होतं, ते लेकीसाठी. तेबी झालं न्हाई तुमच्यानं."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून ते तडक गुरुपादप्पांच्या आडतीवर गेले. लगीन मोडायचं तर मोडू दे, असं ठरवूनच गेले. उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं, की थोरली जन्मापासून तशी आहे, टायफॉइड वगैरे काही नव्हता.

गुरुपादप्पांनी त्यांना गादीवर बसवलं. त्यांच्या तोंडावर नवल काहीच नव्हतं.

"माणिकप्पा, हे साऱ्या उदगीरला ठाऊक हाय. आमी सोयरीक करायला आलो ते जाणूनच आलो. तुमी तापाचं सांगता म्हणून आमीबी ताप म्हणतो."

"मग त्या दिवशी लातूरला..."

"मला वाटलं, पोरीला एवढ्या दूर धाडायचं तुमच्या मनात न्हाई, म्हणून असं बोलून राहिलात. म्हणून मीबी गप बसलो."

माणिकप्पांच्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या लोकांपासून लेक झाकली, ते लोक त्यांचं हे झाकणंच मुकाट्यानं बघत आले होते. लाज वाटत होती ती आता रुद्राणीची नव्हती. चहा आला, तो त्यांनी प्याला नाही.

तिथून ते दुकानात गेले, कपाटातला कागद काढला आणि लिंबाजी सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी तो वाचला. "हा असता तर..." एवढंच बोलून ते लगेच फोन करायला बाहेर गेले.

दुसऱ्यांदा लातूरला एसटीनं गेले, बाप, लेक आणि लिंबाजी सर, तिघंच. मॅडमनी तेच प्रश्न विचारले. माणिकप्पा खाली मान घालून सांगत गेले. एकटी बाजारात गेली तर हरवते. दोनदा हरवली. दहाची अन् शंभराची नोट तिला सारखीच. नाडी येत नाही, वेणी येत नाही. गॅस पेटवू देत नाही आम्ही. लेकीच्या देखत ते एकेक सांगत होते, आणि रुद्राणीचं तोंड हळूहळू उतरत चाललं होतं.

"अप्पा, मागं तर येतंय म्हणलात," ती म्हणाली.

लिंबाजी सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडमचा अहवाल ह्या वेळी बरोबर आला, जुना कागदही मान्य झाला. पण नावं द्यायची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. पुढची स्पर्धा चार वर्षांनी. संघ गेला. आठशे मीटरला रुद्राणीच्या जागी दुसऱ्या राज्यातली एक मुलगी पळाली, ती पाचवी आली, असं सरांनी सांगितलं. रुद्राणी कितवी आली असती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि माणिकप्पांनी विचारलंही नाही.

मुदत संपल्याचं कळलं, त्या दिवशी घरात रुद्राणीनं पिशवी भरून ठेवली होती. दोन पंजाबी ड्रेस, टॉवेल, खारे शेंगदाणे. नागम्मा म्हणाली, "तुमीच सांगा तिला."

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाळा, तुझं जाणं ऱ्हायलं. माझ्यामुळं ऱ्हायलं. मी खोटं बोललो."

"खोटं बोलू नये," रुद्राणी म्हणाली. शाळेत शिकवलेलं.

"हाव."

"मग काहून बोललात?"

लोक काय म्हणतील, हे तिला समजावून सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग पिशवी उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सर न्यायला आले, तर मुकाट्यानं निघाली. माणिकप्पा चपला घालून मागोमाग गेले. इतक्या वर्षांत लेकीला पळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तळ्याच्या बांधावर ते उभे राहिले. खाली त्या कोरड्या, राखाडी तळात ती पळत होती. कोपरं अंगाशी घट्ट, मान ताठ, बाकीच्या पोरी कुठल्या कुठं मागं. पळताना तिच्यात काहीही कमी दिसत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला ती बांधाखालून गेली. तिनं बापाकडं पाहिलं, ओळखलं, आणि न थांबता, न हसता पुढं निघून गेली. माणिकप्पांनी वर केलेला हात तसाच खाली घेतला. ऊन चढेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.