नदीचे दगड घासणारा ब्रश

मी एक जुना दात घासायचा ब्रश आहे. पण मित्रांनो, खरे सांगतो, मी आजवर एकही दात घासलेला नाही. मी दगड घासले. तेही नदीतले, शेवाळाने बुळबुळीत झालेले. तुम्ही खुशाल हसा, मला त्याचा अभिमानच आहे.

माझ्या बाईंनी मला दुकानातून घेतले तो दिवस मला आठवतो. "सगळ्यात कडक केसांचा द्या," त्या म्हणाल्या.

"हिरड्या सोलून निघतील हो," दुकानदार म्हणाला.

"दगडांना हिरड्या नसतात," असे म्हणून बाईंनी मला पिशवीत टाकले. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

बाई प्रयोगशाळेत शेवाळ तपासत. नदी एवढी मोठी, की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसे. नावाडीकाका आम्हाला होडीतून नेत. बाई गुडघाभर पाण्यात उतरून पाच दगड उचलत, पांढऱ्या ट्रेवर धरत आणि मी कामाला लागे. तपकिरी रस ट्रेमध्ये उतरे, तो बाटलीत जाई.

"ताई, एवढी थोरली नदी, अन् पाच दगडांवरून तिची तब्येत सांगणार होय?" काका चिडवत.

"पाणी आज आलं, उद्या गेलं. शेवाळ जागचं हलत नाही, काका. गेल्या काही आठवड्यांत नदीनं काय सोसलं, ते त्याला ठाऊक असतं."

सूक्ष्मदर्शकाखाली बाई त्या शेवाळाचे प्रकार मोजत. काही प्रकार स्वच्छ पाण्यातच राहतात, काही घाणीत फोफावतात. म्हणून एक जागा झाली की बाई मला तीन वेळा विसळत आणि अंगठ्याने माझे केस पिंजत. एका जागेचे शेवाळ दुसऱ्या जागी जाता कामा नये. किती सुखाचे दिवस होते ते!

मग कापड रंगवण्याच्या कारखान्याचा नाला नदीत येऊ लागला. काकांची लेक खालच्या गावात दिली होती आणि ते गाव नदीचेच पाणी पीत होते. नाल्यामुळे नदी बिघडते का, हे बाईंनी सांगायचे होते. आम्ही नेहमी वरून खाली जात असू. त्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून खालून सुरुवात केली. नाल्याच्या खालच्या बाजूचे दगड घासून झाले. वारा वाढला. काका "चला, चला" करू लागले. घाईत बाई मला विसळायला विसरल्या आणि मला तसेच नाल्याच्या वरच्या बाजूच्या दगडांवर घासले.

झाले! वरच्या जागेच्या बाटलीतही घाणीतले शेवाळ निघाले. अहवाल गेला. बैठकीत कारखान्याचे व्यवस्थापक खूश झाले. "नदी वरूनच आजारी येते. आमच्या नाल्याचा काय दोष?"

काका दारात उभे होते. "मग माझ्या लेकीनं काय प्यायचं, ताई?" एवढेच ते बोलले.

बाईंनी परत येऊन वरच्या जागेच्या शेवाळाची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शेवाळात एक बारीक लाल धागा होता. नाल्याच्या वर रंगीत धागा येणार कुठून? त्यांनी मला उचलले. माझ्या केसांच्या मुळाशी तसाच लाल धागा अडकला होता. बाईंनी चिमट्याने तो काढून काचेवर ठेवला. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कुणालाही कळले नसते.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहवाल चुकीचा आहे. चूक माझी. मी ब्रश विसळला नव्हता."

"म्हणजे नदीचा निकाल दात घासायच्या ब्रशवर?" व्यवस्थापक हसले. खोलीतले सगळेच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून दगड पुन्हा घासायचेत. या वेळी तुम्हीही पाण्यात उतरा."

व्यवस्थापक विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. या वेळी प्रत्येक जागेला नवा कोरा ब्रश होता. वरची नदी निरोगी निघाली, खालची आजारी. पाणी शुद्ध करण्याची सोय होईपर्यंत नाला बंद झाला. आणि प्रयोगशाळेत नियम झाला: एका जागेला एकच ब्रश, तोही एकदाच.

त्या नियमाने माझे काम संपले. मला वाईट वाटले, अजूनही वाटते. मी खिडकीतल्या पेल्यात पेन्सिलींबरोबर उभा असतो. बाई निवृत्त झाल्या. परवा त्यांच्या जागी आलेल्या ताई फोनवर सांगत होत्या, की नाल्याखालच्या दगडांवर आता स्वच्छ पाण्यातले शेवाळ धरले आहे. ते माझ्या केसांना कधी लागणार नाही. पण काकांच्या नातवंडांच्या पोटात आता चांगले पाणी जाते.

मित्रांनो, नदीवर गेलात तर एखादा दगड जरूर उचला. त्यावरून हळूच बोट फिरवा. मात्र परत ठेवताना वरची बाजू वरच ठेवा. तिथे कुणीतरी राहत असते.