अर्धा न्यूटन

"पुन्हा," क्लेम म्हणाला.

"आजोबा, किती वेळा?" टेगनने हात कमरेवर ठेवले. "गाडी तीच, फळी तीच, तुम्हीही तेच. आता काय वेगळं होणार आहे?"

"वेगळं नाही झालं तर तेही कळेल. धर गाडी."

टेगनने तोंड वाकडं करून गाडी धरली. गाडी म्हणजे चार चाकांचा लाकडी ठोकळा. मागे कागदाची फीत, पुढे दोरा. दोरा फळीच्या टोकाला कप्पीवरून खाली गेलेला आणि त्याला वजन टांगलेलं. गाडी सोडली की वजन खाली जायचं, गाडी पुढे पळायची आणि मागचं यंत्र टकटक करत फितीवर ठिपके मारायचं. ठिपक्यांमधलं अंतर मोजून गाडीचा वेग कसा वाढला ते काढायचं. मग वजन वाढवायचं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

शेवटी आलेख. आडव्या रेघेवर ओढणारं बल, उभ्या रेघेवर त्वरण. रेषा सरळ यायला हवी आणि कोपऱ्यातल्या शून्यातून निघायला हवी. ओढ नाही तर त्वरण नाही. पुस्तकात तसं छापलेलं होतं.

क्लेमची रेषा सरळ आली होती, पण शून्यातून निघत नव्हती. अर्धा न्यूटन पुढे जाऊन निघत होती. म्हणजे एका लहान अंड्याच्या वजनाएवढी ओढ लावली तरी गाडी ढिम्म.

"हा बघा, हा पहिला ठिपका," टेगनने आलेखावर पेन्सिल टेकवली. "हा खोडायचा. बाकीच्यांतून रेषा काढायची आणि जरा वाकवून शून्यात न्यायची. सगळ्या वर्गाने तेच केलंय."

"मग सगळ्या वर्गाचं चुकलंय."

"सगळ्या वर्गाला ए मिळेल. तुम्हाला घरी पाठवतील."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. क्लेम ट्रेगेन्झा सदुसष्ट वर्षांचा होता आणि अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर, प्रयोगात सोबत असणाऱ्या टेगनच्या शेजारी बसत होता. वॉलरू बंदराच्या धक्क्यावर जहाजांत गहू भरणाऱ्या फिरत्या पट्ट्यांवर त्याची सगळी नोकरी झाली होती. त्याची बायको नोरीन याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तीस वर्षं तिने मुलांसाठी प्रयोग मांडले आणि आवरले, पण वर्ग भरला की ती मागच्या खोलीत भांडी विसळायची. निवृत्त झाल्यावर पहिलं काम म्हणून ती या वर्गात विद्यार्थिनी होऊन बसणार होती. "एवढी वर्षं पानं वाढली," ती म्हणायची, "आता मी पंगतीला बसणार." मुख्याध्यापकांनी जागा ठेवली होती. सप्टेंबरात नोरीन गेली. फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा क्लेम मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभा राहिला.

"तिची जागा मला द्या."

पेनरोज मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आवाज खाली आणला. "क्लेम, दुःखात माणसाला असं काहीतरी सुचतं. तुम्ही मासेमारी क्लबात का नाही जात?"

"मासे मला आवडत नाहीत. जागा द्या."

जागा मिळाली, पण अटीवर. वर्ग भरलेला होता आणि शेजारच्या कडीना गावची एक मुलगी यादीत थांबली होती. जूनमध्ये चाचणी आणि प्रयोगाचा अहवाल मिळून क्लेम पास झाला तर ठीक, नाहीतर जागा तिला.

चाचणी झाली होती आणि ती वाईट गेली होती. गणितं त्याला येत नव्हती अशातला भाग नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर तो ती सोडवायचा. पण प्रत्येक गणितात घर्षणरहित टेबल असायचं, घर्षणरहित उतार असायचा, आणि क्लेमचं डोकं तिथेच तापायचं. धक्क्यावर पट्टा घसरून थांबला की त्यांच्या अख्ख्या पाळीचा घाम निघायचा. चौथ्या गणिताला त्याने उत्तर लिहिलं होतं, 'असं टेबल मला दाखवा, मग सोडवतो.' मिस हारितोसनी त्यावर भोपळा दिला होता.

"मला हसू आलं हो," त्या म्हणाल्या होत्या. "पण हसण्याला गुण नसतात."

जोडी ही क्लेमची मुलगी. ती ॲडलेडहून फोन करायची. "बाबा, आई बसणार होती कारण तिला आवड होती. तुम्ही कशाला स्वतःचं हसं करून घेताय? पोरं काय म्हणत असतील!"

"आजोबा म्हणतात."

"तेच म्हणतेय मी."

"चांगलं आहे की. तुझी पोरं तर फोनवरही येत नाहीत."

अहवाल सोमवारी द्यायचा होता. त्या शुक्रवारी घंटा झाली, पोरं दप्तरं उचलून पळाली, पण क्लेम हलला नाही. टेगनही घुटमळली. तिची बस उशिराची होती.

मिस हारितोस फळा पुसत होत्या. क्लेमने आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मिस, हा अर्धा न्यूटन कुठे जातो?"

त्यांनी पाहिलं. त्यांना कळलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर अहवाल माझा होईल. एवढंच सांगते, नोरीन असताना ही तक्रार कधी आली नव्हती. सगळ्यांच्या रेषा शून्यातून जायच्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. यंदा नवी मदतनीस तीन शाळा बघते. ती खोकी ठेवून जाते, एवढाच तिला वेळ."

क्लेम मागच्या खोलीत गेला. नोरीन गेल्यापासून त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मोरी कोरडी होती. खिळ्याला तिचा निळा एप्रन नव्हता, कुणीतरी नेला असावा. फळ्या ठेवायच्या कपाटात त्याने हात घातला. तळाशी, अगदी मागे, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत जमिनीवर चिकटवायच्या लिनोलियमचे चौकोनी तुकडे होते. त्यांचे लहान लहान गठ्ठे करून रबरबँड लावले होते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर फळीचा क्रमांक होता. कुठे तीन तुकडे, कुठे पाच, कुठे एकच पातळ.

लिनोलियम हिरवं होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं. क्लेमच्या स्वयंपाकघरातलं. ते त्याने स्वतः गुडघ्यांवर बसून चिकटवलं होतं. कोठीच्या खोलीसाठी म्हणून उरलेला तुकडा ठेवला होता आणि तो सापडेना म्हणून त्याने अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. नोरीन म्हणाली होती, "मला काय ठाऊक?" कोठीची जमीन अजून उघडीच होती.

"चोर," क्लेम म्हणाला आणि मोरीच्या कडेला टेकला.

टेगन दारात आली. "काय झालं?"

"आमच्या क्रमांकाचा गठ्ठा घे. फळीच्या मागच्या पायांखाली सरकव."

दोरा नाही, वजन नाही. टेगनने गाडीला बोटाने हलकेच टिचकी मारली. गाडी निघाली आणि शेवटपर्यंत एकाच चालीने गेली. ना वेग वाढला, ना कमी झाला. फितीवरचे ठिपके शिलाईच्या टाक्यांसारखे सारख्या अंतरावर पडले होते.

"हां!" टेगन ओरडली. "फळी अडवते तेवढंच उतार पुढे ढकलतो. अर्धा न्यूटन फिट्टंफाट! म्हणजे नोरीनबाई रोज हे..."

"तुम्ही यायच्या आधी. प्रत्येक फळीला वेगळं. चाकं गंजली की तुकडा वाढवत असणार."

"मग काढू या ना परत! तुकडे ठेवून. रेषा बरोबर शून्यातून जाईल. न वाकवता."

मिस हारितोस मागे येऊन उभ्या होत्या. "त्यात गैर काही नाही," त्या म्हणाल्या. "हीच पद्धत आहे, क्लेम. नियम दिसावा म्हणून घर्षण असं भरून काढतात. चाचणीतले तुमचे गुण मला माहीत आहेत. तुकडे ठेवून केलात तर अहवालाला पूर्ण गुण मिळतील आणि तुमची जागा पक्की."

"आणि अर्धा न्यूटन?"

"तो दिसणार नाही. म्हणूनच तर ठेवायचे."

क्लेमने फळी उचलली, तुकडे काढले आणि नीट रचून टेबलावर ठेवले. फळी पुन्हा सपाट झाली.

"तीस वर्षं दिसला नाही," तो म्हणाला. "बास झालं. माझ्या कागदावर तो दिसेल."

"आजोबा, अहो जागा जाईल!"

"जाऊ दे की. मी काय इथे ए मिळवायला आलोय? ताणकाटा दे इकडे."

टेगनने पाय आपटले, पण काटा आणून दिला. क्लेमने तो गाडीला अडकवून सपाट फळीवरून संथ, एका चालीने ओढला. काटा हलला तेव्हा पुन्हा ओढला. काटा अर्ध्या न्यूटनच्या रेघेवर येऊन राहिला. मग त्याने तुकड्यांची उंची मोजली, फळीची लांबी मोजली आणि उताराचं गणित मांडलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा त्याने गाडीचं वजनच धरलं नाही. टेगन बघत होती, पण मिसच्या धाकाने गप्प होती. "डोळे कुठे आहेत तुमचे?" एवढंच ती एकदा पुटपुटली. तिसऱ्यांदा उत्तर अर्ध्या न्यूटनच्या अगदी जवळ आलं.

टेगनने स्वतःचा अहवाल तुकडे ठेवूनच केला. "मला मेडिकलला जायचंय," ती म्हणाली. "मला तुमच्यासारखी चैन परवडत नाही."

"बरोबर आहे तुझं," क्लेम म्हणाला.

त्याच्या अहवालाचा शेवट असा होता: 'रेषा शून्यातून जात नाही. फळी सपाट असताना ती जाऊ नये. गाडीला अर्धा न्यूटन मागे ओढतो. मी तो आलेखावरून काढला, काट्याने मोजला आणि उतारावरून पुन्हा काढला. या प्रयोगशाळेत तो आजवर दिसला नाही, कारण शाळा भरण्याआधी नोरीन ट्रेगेन्झा तो काढून ठेवत असे.'

बुधवारी कागद परत आला. तक्त्यात एकक लिहिलं नाही म्हणून गुण कापले होते. पेन्सिलीची रेघ जाड म्हणून कापले होते. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, 'पुरावा?'

क्लेम कागद घेऊन टेबलापाशी गेला. "पुरावा पाहिजे तर माझ्या स्वयंपाकघरात चला. जमिनीवर चिकटवलेला आहे."

मिस हारितोसनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी लाल पेन उचललं, 'पुरावा' शब्दावर काट मारली आणि गुण वाढवले. बेरीज पुन्हा केली. चाचणीचे आणि अहवालाचे मिळून तो काठावर पास झाला होता.

"पेनरोजसरांना मी कळवते," त्या म्हणाल्या. "आणि तो डबा तुमचा आहे. घरी न्या."

"शाळेचा आहे तो. फक्त कपाटाच्या तळाशी ठेवू नका. आणि पहिल्या दिवशी तुकडे लावू नका."

जोडीला त्याने फोनवर सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "हे आईला कळायला हवं होतं."

"हो," क्लेम म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गाड्यांचा प्रयोग दहावीला होता. क्लेमचा तास नव्हता, पण तो मागच्या बाकावर गणितं घेऊन बसला होता. मिस हारितोसनी फळी सपाट ठेवली, दोरा-वजन काही न लावता गाडीला धक्का दिला आणि बाजूला झाल्या. गाडी निघाली, हळू झाली, फळीच्या मध्यावर थांबली.

"मिस, बिघडली!" पुढच्या रांगेतून एक मुलगी ओरडली आणि तिने गाडीकडे हात नेला.

"हात लावू नको," क्लेम मागून म्हणाला.

मुलीने हात मागे घेतला. सगळी पोरं त्या थांबलेल्या गाडीकडे बघत राहिली.