लंडन ते टोरांटो, आठ तास

इस्तारीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. गावतलावात जाळं टाकून पोट भरणाऱ्याला त्याची गरजही पडली नव्हती. पण लंडनला नर्स असलेली त्याची लेक आचल आता तिथून टोरांटोच्या दवाखान्यात निघाली, आणि मधला समुद्र त्याच्या उरावर येऊन बसला.

त्यानं मोबाइल दुकानवाल्या अजयला गाठलं. अजयनं फोनमध्ये पाहून सांगितलं, पाच हजार सातशे किलोमीटर, विमानाला आठ तास. इस्तारीला जरा हायसं वाटलं. आलापल्लीपुढचा रस्ता बिघडला की गडचिरोलीहून सिरोंच्याला जायला एसटीही तेवढाच वेळ घेते. मग काय, हे आकडे त्यानं गावभर वाटले. बसथांब्यावर, पारावर, जाळं सांधताना, जो भेटेल त्याला. शेजारची गुणाबाई म्हणाली, इस्तारी आता विमानाचा कंडक्टरच झाला.

लोक हसले, तोही हसला. पण त्याला विचारायचं होतं भलतंच. पोरी, घरी कधी येतेस, एवढंच. तिला पाहून तीन वर्षं झाली होती, आणि ती परतायचं सोडून आणखी पुढे चालली होती. पण आचल चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती तेव्हा तो दर फोनला हेच विचारायचा, आणि दोनदा ती शिक्षण टाकून रडत घरी आली होती. तेव्हा त्यानं कानाला खडा लावला. बायकोला, वच्छलालाही ताकीद दिली. तेव्हापासून तो तिकडची थंडी विचारायचा, तास विचारायचा, किलोमीटर विचारायचा. फोन ठेवला की त्याला जेवण गोड लागत नसे.

निघायच्या दिवशी दुपारी आचलनं विमानतळावरून फोन केला. इस्तारीनं पाठ केलेलं सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. आठ तास लागतील, खाली सारं पाणीच दिसेल, घाबरू नको.

आचल हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुमी मले काऊन नाई विचारत, कवा येतेस म्हणून?"

इस्तारीनं वच्छलाकडे पाहिलं.

"मी रोज वाट पाहून राह्यली होती. मले वाटलं, घरी कोनाले माही आठवनच नाई येत. म्हनून तं या टोरांटोले हो म्हटलं."

वच्छला फोनला कान लावून बसली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. इस्तारीचं इतक्या वर्षांचं गिळलेलं एकदम वर आलं.

"कवा येतेस, माय?"

तिकडे विमानाची घोषणा चालली होती. आचल रडत होती.

"आता तिकडच्या दवाखान्याच्या कागदावर सही झाली, बाबा. दोन वर्सं ते सोडत नाई."