अंगावर कोण घेणार?

सासूबाईंनी जांभळ्या कापडाचं टोक मुठीत धरून चुरगळलं, सोडलं आणि चुण्या राहतात का ते बघितलं. राहिल्या नाहीत. तरीही त्यांनी नाक मुरडलं.

"हे टोचणार," त्या म्हणाल्या.

"आई, सुती आहे ते. टोचेल कसं?"

"तुला नाही कळायचं. तू नुसता रंग बघतेस. रंग काय, दिवा मालवला की सगळे सारखेच."

सून पुढचा तागा चाचपू लागली. एरवी ती उलट काहीतरी बोललीच असती. या दोघींची शाब्दिक चकमक ऐकायला शेजारणी मुद्दाम जिन्यात रेंगाळायच्या. पण आज तिच्या घशाशी एक वाक्य अडकलं होतं, आणि ते निघाल्याशिवाय दुसरं काही निघायला तयार नव्हतं. खरं तर ते बसमध्येच बोलायचं ठरलं होतं. तिनं सासूबाईंना खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली दिली, घसा खाकरला. सासूबाई म्हणाल्या, "खोकला झालाय का गं? घसा धरलाय?" झालं! वाक्य आल्या पावली परत गेलं.

वाक्य छोटंसंच होतं. आई, मी लग्न करतेय.

नवरा गेल्याला आता चार वर्षं होत आली होती. तो गेला आणि घरात या दोघी उरल्या. एकीला उशीर झाला तर दुसरी जेवायची थांबायची, एकीला ताप आला तर दुसरीचं तोंड कडू व्हायचं. रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये सून काउंटरवर बसायची, तिथंच रक्त काढायला होता तो, ज्याच्याशी ती लग्न करणार होती. कमी बोलणारा, सरळ माणूस. आता त्याला दुसऱ्या गावी नवी लॅब सांभाळायला मिळाली होती. तू येशील का, असं त्यानं विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. मात्र आधी आईंना सांगेन, मगच ते हो पक्कं, अशी तिची अट होती. त्या ओरडतील याची तिला भीती नव्हतीच. त्या "सुखी राहा" म्हणतील, आणि मग त्या घरात एकट्याच ताट वाढून घेऊन बसतील, हेच तिला बघवणार नव्हतं.

अशात परवा सासूबाईंना अचानक गोधडी शिवायची हुक्की आली. कापड या दुकानातूनच हवं, त्यासाठी अर्ध्या दिवसाचा प्रवास करावा लागला तरी बेहत्तर.

आणि दुकान तरी कसलं! खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं गॅरेज, त्याच्या बाजूनं वर जाणारा लाकडी जिना, आणि वर एक लांबलचक खोली. जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे तागेच तागे, आणि हवेत नव्या कापडाच्या खळीचा वास. लांबलांबून लोक इथं यायचे ते स्वस्त मिळतं म्हणून नव्हे. दुकानाचा म्हातारा मालक सगळी विचारपूस केल्याशिवाय कात्री उचलत नसे, म्हणून यायचे. गोधडी अंगावर कोण घेणार, उंची किती, कुशीवर झोपतो की पाठीवर, गरम होतं की गार लागतं, हे सगळं कळल्यावरच तो तागा काढायचा. लोक त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे चौकशीकाका. पण त्याच्याकडच्या कापडाची गोधडी माणसाच्या अंगाला बरोबर बसते, हे मात्र सगळेच कबूल करायचे.

या दोघींच्या आधी एक जोडपं उभं होतं.

"पाहुण्यांसाठी हवी आहे," बाई म्हणाली.

"कसले पाहुणे? आवडते की नावडते?"

"म्हणजे?"

"नावडत्यांना पातळ कापड देतो. लवकर जातात."

नवरा खो खो हसला. बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, की पाहुणे कोणाकडचे ते सगळ्या दुकानाला कळलं. त्यांना जाड कापडाचा गठ्ठा बांधून दिला आणि काका या दोघींकडे वळले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ओळख पटली तसा त्यांचा आवाज जरा खाली आला.

"या, बसा. बऱ्याच दिवसांनी. बोला, अंगावर कोण घेणार?"

"दोघं," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. मागच्याच आठवड्यात सासूबाईंनी जेवायला तीन ताटं मांडली होती आणि मग एक मुकाट्यानं परत फळीवर ठेवलं होतं. तेव्हा दोघीही त्यावर बोलल्या नव्हत्या. आणि आज हे? यांच्या मनातून तो गेलेलाच नाही की काय? अशा बाईला मी काय सांगायला निघालेय?

तिनं वाकून हळूच म्हटलं, "आई, दोघांचं नको. आता एकेकीचंच लागतं आपल्याला."

"मला समजत नाही का? दोघांचंच म्हणाले मी."

काकांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मुलगा गेल्याचं त्यांनाही माहीत होतं.

"म्हणजे तुम्हा दोघींसाठी का?" त्यांनी जपून विचारलं.

"छे हो! हिच्याबरोबर एका पांघरुणात झोपायचं म्हणजे सकाळी मी जमिनीवर. नवराबायकोची हवी आहे. आणि नेहमीचं माप नका धरू. माणूस चांगला उंच आहे, पाय बाहेर राहतील त्याचे."

सुनेचा हात कापडावर होता तसाच राहिला. तिचा नवरा उंच नव्हता. तिच्याच खांद्याला खांदा लागायचा त्याचा, आणि त्यावरून सासूबाई स्वतःच त्याला चिडवायच्या.

"आई, तुम्ही कोणाबद्दल..."

"गेल्या महिन्यात तुमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आले होते ना मी? तू तेव्हा बाहेर कामाला गेली होतीस. दारातून आत येताना वाकून आला तो. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही, हात हलका आहे. पण सगळं लक्ष तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे. रांगेतल्या बाकी सगळ्या बायकांना काकू म्हणत होता, आणि मला तेवढं आई. एवढं कळायला काय परीक्षा द्यावी लागते?"

"मी सांगणारच होते, आई. बसमध्ये मी..."

"खाकरत होतीस, बघितलं की मी. परतीच्या बसमध्येही खाकरली असतीस. माझ्यानं नाही धीर धरवला."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला राग नाही आला?"

"आला. खोटं कशाला बोलू?" सासूबाई समोरच्या ताग्यांकडे बघत म्हणाल्या. "खूप राग आला. रात्र रात्र डोळा लागेना. मुलाच्या फोटोपुढे उभी राहून तुझी गाऱ्हाणी सांगितली. मग एका रात्री वाटलं, माझा मुलगा गेला, त्याला आता कोणाचाच इलाज नाही. पण मुलगी चांगली धडधाकट समोर आहे, तिला का कोंडून घालू?"

"पण तुम्ही एकट्या कशा राहणार?"

"माझी काळजी घरी जाऊन कर. इथं काका खोळंबलेत."

काका अजिबात खोळंबले नव्हते. ते गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. आता त्यांनी ती सरळ केली.

"उंची किती म्हणता?"

"आता हेही मीच सांगू?" सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. "दाखव की."

सुनेनं हात वर केला. डोक्याच्या वर, मग आणखी थोडा वर, आणि तिथं थांबवला. काकांनी अदमास घेतला, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून मऊ, राखी रंगाचा मोठ्या पन्ह्याचा तागा उतरवून फळकुटावर उलगडला. एवढी रुंदी एका पट्टीत मिळाली की मधोमध जोड द्यावा लागत नाही, आणि झोपणाऱ्याला शिवण बोचत नाही. सासूबाईंनी या वेळी कापड चुरगळून बघितलं नाही. त्यावरून फक्त हात फिरवला.

"बरं," काका म्हणाले, "थंडी कोणाला जास्त वाजते? त्यांना की हिला? रात्री पांघरूण कोण ओढून घेतं?"

"सांग," सासूबाई म्हणाल्या.

"मला काय माहीत!" सून इतक्या जोरात आणि इतकी चिडून ओरडली की जिन्याखालचा हातोडा ठोकायचा थांबला. तिचे कान लालबुंद झाले. "आई, काहीतरीच काय सांगायला लावता!"

सासूबाईंना हसू फुटलं. चार वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. पोट धरून, खुर्चीचा हात पकडून हसल्या. हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला, आणि मग तो रुमाल काही केल्या खाली येईना. सून त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. काका पाठ वळवून एका ताग्याची घडी घालू लागले, जी आधीच घातलेली होती.

बऱ्याच वेळानं ते तसेच पाठमोरे म्हणाले, "मग दोघांनाही बेताचीच थंडी वाजते असं धरू का?"

"नका धरू," सासूबाईंनी नाक पुसलं. "त्याचं त्यालाच ठाऊक. पण हिला वाजते. मध्यरात्री पांघरूण लाथाडते आणि पहाटे पाय पोटाशी घेऊन कुडकुडते. मी उठून घालते रोज. आता तिथं कोण उठणार? हिच्या बाजूला आतून एक थर जास्त घालीन, तेवढं कापड धरा."

सुनेनं डोकं वर केलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, झोपेत पांघरूण आपणच ओढून घेतो.