ऐकू येणं आणि ऐकणं

मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी एकच चूक दुरुस्त करण्यात गेली. ‘हिअर’ आणि ‘लिसन’. आवाज आपणहून कानावर पडला तर हिअर, आपण मन लावून कान दिला तर लिसन. मराठीत हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. ‘ऐकू येतंय’ आणि ‘ऐकतोय’ यांत कुणी गल्लत करत नाही. पण तेच पोर इंग्रजीत शिरलं की ‘आय ॲम हिअरिंग यू, सर’ म्हणतं आणि माझं डोकं फिरतं. वह्यांवर मी इतकं लाल करायचो की पोरांनी माझं नावच ‘लाल पेन’ ठेवलं होतं. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

या धंद्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागचा वर्ग ऐकतोय की नुसता गप्प बसलाय, हे पाठीला कळतं. गप्प बसलेल्या वर्गातही बाकं करकरतात, कुणीतरी नाक ओढतं, पेन्सिल घरंगळते. ऐकणाऱ्या वर्गात यातलं काही होत नाही. असा वर्ग मला सगळ्या नोकरीत चार-पाच वेळा मिळाला असेल. एरवी पालथ्या घड्यावर पाणी.

हे आधी सांगितलं, कारण ताईंच्या घरात काय चाललंय ते मला पहिल्यांदा पाठीनेच कळलं.

ताई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सहासष्ट वर्षांच्या बाई. सगळी इमारत त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. आईला तिकडे कायमचं नेता येत होतं, पण त्यासाठी आईला इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागणार होती. मुलीने मला तिकडून फोन केला. म्हणाली, "सर, चार महिने आहेत. काहीही करा, पण आईला माझ्याकडे पोचवा. मी इथे हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही." मी शब्द दिला.

रोज दुपारी तीन वाजता मी जाऊ लागलो. बसायची खोली लहान, स्वच्छ. भिंतीवर लंबकाचं घड्याळ, पलीकडे स्वयंपाकघर, तिथे घरघरणारा जुना फ्रिज आणि गळणारा नळ. नळाखाली ताई पातेलं ठेवायच्या आणि त्यात थेंब टपटपत राहायचा. खिडकीजवळ एक आरामखुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नसे. तिसऱ्या दिवशी मी माझा आवडता धडा घेतला आणि घरी लिहायला वाक्यं दिली. दुसऱ्या दिवशी ताईंनी वही पुढे केली.

हिअरची वाक्यं चोख होती. आय हिअर द क्लॉक. आय हिअर द टॅप. खाली लिसनची: माय हजबंड लिसन्स टू मी. ही लिसन्स एव्हरी आफ्टरनून.

"ताई, इथे काळ चुकलाय," मी म्हणालो. "साहेबांना जाऊन तीन वर्षं झाली ना? मग ‘लिसन्ड’ हवं. भूतकाळ." आणि लाल पेनने दुरुस्त करून टाकलं.

ताईंनी वही आपल्याकडे वळवून नीट पाहिली. "नाही सर. भूतकाळात ते ऐकत नव्हते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"भूतकाळात त्यांना नुसतं हिअर व्हायचं," त्या म्हणाल्या. "पाणीखात्यात तक्रारींच्या फोनवर होते. दिवसभर लोकांचं ऐकायचं, अमक्याकडे पाणी नाही, तमक्याची पाइप फुटली. घरी आले की म्हणायचे, कान किटलेत माझे, आता तू सुरू होऊ नकोस. मी बोलत असले तरी मधेच उठून जायचे. चाळीस वर्षं. आता ऐकतात."

म्हातारपणी एकटी माणसं स्वतःशी बोलतात, त्याला त्या नवऱ्याचं नाव देत असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि उतारा काढून दिला. "मोठ्याने वाचा."

त्या वाचू लागल्या. दुसऱ्या ओळीला माझ्या पाठीवर काटा आला. मागे पाहिलं तर कुणी नव्हतं, ती खुर्ची तेवढी होती. पण मला ती शांतता ओळखू आली. वर्ग ऐकतो तेव्हा होते तीच. मग लक्षात आलं की फ्रिजची घरघर थांबलीय. घड्याळाचा लंबक हलत होता, पण टिकटिक नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. नळातून थेंब पडत होता, पातेल्यातलं पाणी गोल गोल हलत होतं, आणि आवाज होत नव्हता.

"उच्चार चुकला का, सर?" ताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि मी तोंड उघडल्याबरोबर थेंब टप्पकन वाजला. फ्रिज घरघरायला लागला. माझं बोलणं त्या घराच्या खिजगणतीतही नव्हतं. घाबरलो होतो हे खरं, पण खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला.

पुढचे दोन महिने हे रोज होत राहिलं. माणसाला कशाचीही सवय होते. ताई वाचायच्या, घर गप्प व्हायचं. ताई थांबायच्या, घर वाजायला लागायचं. त्यांची प्रगती मात्र अशी होती की माझ्या चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांनी तोंडात बोटं घालावीत. ऐकणारा मिळाला की बोलणारा सुधारतो, हे मी वर्गात ओरडून सांगत आलो होतो.

मग एके दिवशी समोरच्या शेजारीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. "सर, तुम्ही त्यांना किती अभ्यास देता हो? सकाळपासून बोलत असतात. दार वाजवलं तरी उघडत नाहीत. मुलीचा फोन वाजत राहतो, तोही उचलत नाहीत." मी वर गेलो आणि ताईंकडे पहिल्यांदा शिक्षकाच्या नाही, माणसाच्या नजरेने पाहिलं. गालफडं बसली होती. आवाज घोगरा झाला होता. त्या दिवशी त्यांचं वाचून झाल्यावर घड्याळ लगेच वाजलं नाही. मी मनात वीस आकडे मोजले, मग टिकटिक आली. पुढच्या आठवड्यात शंभर मोजावे लागले.

परीक्षा झाली. श्रवणाच्या भागात सगळे गचके खातात, ताईंना त्यात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मुलगी फोनवर रडली. तिकीट आलं. मी पेढे काय ते माझ्या मनातच वाटले आणि निकालाचा कागद घेऊन ताईंकडे गेलो.

"मी जाणार नाही," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं वाट पाहिली, सर. आता कुठे माझं कुणी ऐकायला लागलंय, आणि मी उठून जाऊ?"

माझा पारा चढला. "आणि तिकडे पोर एकटी पडलीय ती? तिचं कुणी ऐकायचं? काही कमीजास्त झालं तर ती कुणाला हाक मारणार, या भिंतींना?"

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मला खुणेने दाराबाहेर नेलं, जिन्यात, आणि माझ्या कानाशी लागून बोलल्या.

"मला भीती वाटते, सर. आधी मी गप्प झाले की लगेच घड्याळ वाजायचं. आता वाजत नाही. वाट बघतात. पुढे काय, पुढे काय. माझ्याकडचं खरं सगळं सांगून संपलं. महिना झाला, मी बनवून सांगतेय. न झालेली भांडणं, न आलेले पाहुणे. काल रात्र कधी झाली तेही मला कळलं नाही."

"मग थांबा ना! बंद करा बोलणं आणि बॅग भरा."

"अर्ध्यात कशी सोडू? ते आयुष्यभर माझं बोलणं अर्ध्यात सोडून उठायचे. त्याने काय होतं ते मला ठाऊक आहे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी त्यांना सांगते जातेय म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ वाजलं, की मी निघाले. त्यांनी सोडल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. तुम्ही त्या दिवशी या."

निघायच्या दिवशी मी बाराला गेलो. बॅगा भरलेल्या होत्या. फ्रिजची पिन काढली होती, नळ मुख्य तोटीपासून बंद केला होता. आवाज करायला घड्याळ तेवढं उरलं होतं. ताई खुर्चीसमोर खाली बसल्या आणि बोलू लागल्या, आणि टिकटिक थांबली.

त्यांनी काही ओरडून सांगितलं नाही. लेकीचं पोट किती वाढलंय, तिला कुठल्या कुशीवर झोपावं लागतं, जावई कधी परत येणार, हे सगळं घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही माझं ऐकलंत, माझं समाधान झालं. आता पोरीला माझी गरज आहे. जाऊ ना मी?"

लंबक हलत राहिला. एक वाजला, पण टोला ऐकू आला नाही. खाली टॅक्सी आली होती, ड्रायव्हर खिडकीतून वर बघत होता. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ताई हात जोडून बसल्या होत्या. विमान चार पन्नासचं होतं आणि विमानतळ लांब होता.

"ताई, उठा," मी म्हणालो.

"अजून वाजलं नाही."

"तुम्ही जिन्यात जाऊन उभ्या राहा. मी इथे थांबतो. वाजलं की सांगतो."

"खरं सांगाल ना?"

"मी कधी चुकीच्या उत्तराला बरोबर म्हटलंय का?"

त्या उठल्या, दाराबाहेर गेल्या. मी बॅगा जिन्यात ठेवून परत आत आलो आणि घड्याळाला कान लावला. अक्षरशः लाकडाला कान टेकवला. आत चक्रं फिरत होती, गालाला त्यांची थरथर लागत होती, आणि आवाज शून्य. पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून पुढच्या वाक्याची वाट बघत होतं.

"वाजलं का, सर?" जिन्यातून ताईंचा घोगरा आवाज आला.

मला त्या पोरीचा फोन आठवला.

"वाजलं!" मी ओरडलो. "हे काय, चांगली टिकटिक चाललीय. निघा तुम्ही!"

जिन्यात ताईंनी इतकी वर्षं आत अडकलेला असावा असा सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "येते म्हणावं त्यांना." आणि त्यांची पावलं उतरू लागली.

मी खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरने जिन्यातून उतरवलेल्या बॅगा मागे टाकल्या, ताई बसल्या, दार लागलं. एकाचाही आवाज वर आला नाही. टॅक्सी कोपऱ्यावर वळली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी किल्ली घेतली, दाराशी गेलो आणि सुटल्यासारखं होऊन मोठ्याने म्हणालो, "गेल्या एकदाच्या."

मी बोललो की ते घड्याळ वाजायला लागायचं. आज दुपारपासून ते ताईंच्या पुढच्या वाक्यासाठी अडून होतं, पण आता ताई गेल्या होत्या. तरीही वाजलं नाही.

मी तसाच उभा राहिलो. हात किल्लीवर होता. माझं वाक्य त्या खोलीत नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं गेलं होतं. बाहेर पडून कुलूप लावलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण एवढं सुचलं की मी आत्ता गप्प झालो आणि निघालो, तर हे जे वाट बघतंय ते जिना उतरून त्या टॅक्सीच्या मागे जाईल. विमान सुटेपर्यंत तरी याला इथे धरून ठेवायला हवं. मी दार लोटलं, खुर्चीसमोर बसलो आणि घसा साफ केला.

"तर," मी म्हणालो, "मी शाळेत लागलो त्या वर्षाची गोष्ट."

पहिली पाच मिनिटं माझे दात वाजत होते, म्हणजे वाजायला हवे होते. मग शब्द आपोआप येऊ लागले. नापास केलेला एक हुशार मुलगा, त्याच्या वडिलांनी धरलेले माझे पाय, मी न बदललेले गुण. कुणालाही न सांगितलेल्या गोष्टी. खोलीत कुणी नाक ओढलं नाही, बाक करकरलं नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

चार पन्नासला विमान गेलं असणार. मी साडेसहापर्यंत बोलत होतो.