राघोबाच्या तीन भाषा

निजामाच्या राज्यात, हुमनाबादच्या जत्रेत तंबूतला मुका सिनेमा लोक बघायला नव्हे, ऐकायला येतात, असं राघोबाचं ठाम मत होतं. पडद्याशेजारी उभा राहून तो प्रत्येक चित्र आधी मराठीत, मग कानडीत, मग दखनीत समजावून सांगायचा. सगळा तंबू त्याच्या मुठीत असायचा.

यंदा मशीनवाल्या शिवशरणनं मुंबईहून रशियाची फिल्म आणली. दुपारी कनाती पाडून दोघांनी ती लावून बघितली. चित्रं पापणी लवेपर्यंत बदलत होती. मालकाचं तोंड, शिपायांचे बूट, पडलेली बाई.

"अण्णा, एकटं चित्र मुकंच ऱ्हातंय," शिवशरण हरखून म्हणाला. "दोन शेजारी लावली की बोलत्यात. बूट दिसला, लगेच बाई दिसली, की आपलं काळीज कापतंय बगा. ह्याला सांगणारा लागतच न्हाई!"

हे राघोबाला फार झोंबलं. घसा फोडून कमावलेली माणसं हा मुखदुर्बळ मशीनवाला फुकटात पळवणार! त्याला हेवा वाटला, चांगला सणसणीत.

"आज त्याची फिल्म कशी पाडतो बघ," त्यानं बायकोला, सोजराबाईला सांगितलं.

"कामून? त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

संध्याकाळी तंबू गच्च भरला. पडद्यावर गुबगुबीत मालक हसला. राघोबानं मुद्दाम उलटं सांगितलं, "हा मालक फार दयाळू!" तेच कानडीत सांगेपर्यंत पडद्यावर बूट धावत होते. दखनीत "बडा मेहेरबान" म्हणेपर्यंत बाई पडली होती आणि तिच्या हातातला पाव बुटाखाली चिरडला होता.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा जहागीरदार बी असाच दयाळू हाय!"

हशा, शिट्ट्या, शिव्या. राघोबा गांगरून आणखी उलटं सांगत सुटला, आणि त्याचं एकेक खोटं नेमकं पुढच्या चित्रावर जाऊन आदळत राहिलं.

खेळ संपताच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचा डाव ठाऊक असलेल्या एकट्या सोजराबाईनं टाळी वाजवली नाही. शिवशरण मशीन सोडून धावत आला. त्याचे डोळे भरले होते.

"अण्णा, रशियावाल्यांस्नी बी हे सुचलं नसतं! माजंच चुकलं. ह्या फिल्मला तुमीच पायजे."

राघोबानं त्याचा चेहरा निरखून बघितला. कुठं जळफळाट दिसतोय का, म्हणून शोधला. एवढासा सापडला असता, तरी त्याचा जीव थंड झाला असता.

"खाली सोडा मला," तो लोकांवर खेकसला.