दहावं पान

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सकाळपासून जपलेली शांतता मोडली. इंगुन धावली नाही. चार महिन्यांचा ब्रागे आत्ता कुठे तिच्या खांद्यावर झोपला होता. तिने एका हाताने शेगडी बारीक केली, दुधातला भात ढवळला आणि पाय न वाजवता टेबलापाशी परतली.

"उतू गेलं?" तिरिलने विचारलं. पाच वर्षांची तिरिल सर्दीमुळे आज बालवाडीत गेली नव्हती. नाकाखाली लाल झालेलं, हातात खडू.

"नाही गं. हळू बोल. अकरा वाजता आईला फोन आहे."

फोन एका विद्यार्थिनीचा येणार होता. निकाल लागला की इथल्या विद्यापीठात कुणालाही परीक्षकाकडे श्रेणीचं कारण मागता येतं आणि परीक्षकाला ते द्यावंच लागतं. उमेदवार क्रमांक दोनशे चौदा, करार कायदा, श्रेणी ई. म्हणजे जेमतेम पास. विभागाने आता नावही कळवलं होतं: सिल्ये.

इतकी वर्षं शिकवल्यावर इंगुनला प्राध्यापकपदी बढती मिळून अजून वर्ष झालं नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवर असूनही डिसेंबरचे पेपर तिने हट्टाने मागून घेतले होते. आई झाली आणि ढिली पडली, असं कुणी म्हणायला नको. साठ पेपर तिने फोनवर वाचले, बाळ अंगावर पीत असताना, अंगठ्याने पानं सरकवत. आणि त्याचा तिला अभिमान वाटला होता. कुणी कौतुकाने विचारावं म्हणून तिने तीन-चार जणांना ते मुद्दाम सांगितलंही होतं.

दुसरा परीक्षक ऐविंड. दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि मग बसून एक श्रेणी ठरवायची, अशी पद्धत. दोनशे चौदाला त्याने बी दिली होती.

"बी?" इंगुन तेव्हा हसली होती. "अरे, तिसरा प्रश्न सोडवलेलाच नाही. झोपेत वाचलास का?"

"सोडवला नाही? मला तर वाटतंय..."

"तुला वाटतंय. तुझं हे दुसरं वर्ष, ऐविंड. मी अकरा वर्षं तपासतेय."

तो कानापर्यंत लाल झाला होता. "मग माझीच काहीतरी गल्लत झाली असेल," म्हणाला. आणि ई ठरली.

आता तिने तो पेपर लॅपटॉपवर उघडला. कारणं नीट सांगायची तर नजर टाकलेली बरी. नववं पान संपलं. दहावं कोरं. तिथेच पेपर संपला होता, तिला पक्कं आठवत होतं. सवयीने तिने आणखी खाली सरकवलं, तर अकरावं पान आलं. 'प्रश्न तिसरा.' मग बारावं, तेरावं, चौदावं.

तिने पहिला परिच्छेद वाचला. उत्तर स्वच्छ होतं, मुद्द्याला धरून होतं. त्याच क्षणी फोन थरथरला. हात मोकळा नव्हता, म्हणून तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"हॅलो, इंगुन? मी सिल्ये. तुमचा फार वेळ नाही घेणार. माझं नेमकं कुठे चुकलं, एवढंच हवंय."

आत्ता सांग, असं इंगुन स्वतःला म्हणाली. एक वाक्य पुरे आहे.

"हं," ती म्हणाली, "तुझा तिसरा प्रश्न... तो थोडा अपुरा पडला."

"अपुरा म्हणजे? दोन्ही बाजू घेतल्या होत्या मी."

"घेतल्यास. पण मांडणीला... खोली हवी होती."

पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला. मुलगी तो शब्द लिहून घेत होती. खोली.

"खरं सांगू? मला वाटलं होतं, तो प्रश्नच मला सगळ्यात चांगला जमलाय," सिल्ये कसंनुसं हसली. "म्हणजे मला स्वतःचं कळतच नाही. फेरतपासणी नाही मागत मी. तुम्ही तपासलंय म्हटल्यावर काय मागायची? न्यायालयातल्या जागेसाठी अर्ज केला होता, तो मागे घेते. थँक्स हं. एवढं समजावून कुणी सांगत नाही."

फोन बंद झाला.

ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभी राहून ती दरवर्षी एकच गोष्ट बजावायची: समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. सिल्येही कधीतरी त्या बाकांवर बसली असणार. तिने तेही लिहून घेतलं असणार.

सरळसरळ चूक असेल तर परीक्षकांना श्रेणी स्वतः बदलता येते. फक्त काय चुकलं ते विभागाला लिहून द्यावं लागतं, नावानिशी. सगळे वाचतील. ऐविंड वाचेल. 'रजेत कशाला घेतले पेपर?' असं कुणी तोंडावर विचारणार नाही; कॉफीच्या टेबलावर बोलणं मात्र मध्येच थांबेल.

ब्रागे झोपेत चुळबुळला. त्याच्या पाठीवर थोपटताना तिच्या लक्षात आलं, हा कोवळा जीव आपण ढालीसारखा छातीशी धरलाय. बाळ लहान होतं, झोप नव्हती, कुणीही समजून घेईल. आणि तेवढ्यानेच तिला स्वतःची किळस आली.

तिने पुन्हा नंबर लावला.

"सिल्ये, अर्ज मागे घेऊ नकोस. मी तुझा तिसरा प्रश्न वाचलाच नव्हता. दहावं पान कोरं दिसलं आणि मी तिथेच थांबले."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"मग ती खोली?" सिल्येने विचारलं.

"ती मी बनवून सांगितली."

"आणि मी लिहून घेतलं," मुलगी हळूच म्हणाली. त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"आजच विभागाला कळवते. ऐविंडलाही. त्याने तुला बी दिली होती, मी त्याला गप्प केलं. सगळं लिहीन."

"लिहा," सिल्ये म्हणाली. या वेळी ती थँक्स म्हणाली नाही.

इंगुनने एका हाताने पत्र टाइप केलं. बाळाचा उल्लेख आला तेव्हा तो खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. पाठवलं. मग वाटीत भात वाढून त्यावर लोणी आणि दालचिनी घातली आणि वाटी तिरिलपुढे ठेवली.

तिरिलने चमच्याला हात लावला नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, ती ताई पहिल्यांदा बोलत होती ना, तेव्हा तुला माहीत होतं?"